उठून जायचं नाही

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आतली दोघं बोलत होती, आणि ती आत शिरताच दोघं गप्प झाली. एवढंच झालं. दोघंही ती ज्या वर्गाला शिकवायची त्यातली होती. एक तो उंच मुलगा, बोलताना तर्जनी हवेत ठेवण्याच्या सवयीमुळे ज्याला सगळे वकील म्हणत; दुसरी ती मुलगी, जिला सगळे पलीकडची म्हणत, कारण ती टेकडीच्या पलीकडच्या वस्तीतून यायची आणि तिचं निम्मं बोलणं ‘आमच्या पलीकडे’ या शब्दांनी सुरू व्हायचं. वकिलाची तर्जनी अजून वरच होती. ती त्याने सावकाश खाली घेतली, जणू एखादी वस्तू खिशात ठेवावी तशी, आणि म्हणाला, “गुड मॉर्निंग, मॅडम.” पलीकडची लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मतदान, असा काहीतरी शब्द दार उघडताना ऐकू आला होता, त्याचा उरलेला अर्धा भाग अजून त्या पत्र्याच्या खोलीत तरंगत होता आणि तिघंही त्याच्यापासून अंग चोरून उभी होती. भूशास्त्र विभागाच्या मजल्यावर ती उतरली. मागे दार मिटलं, आणि मिटता मिटता आत पुन्हा आवाज सुरू झाले. पलीकडचीचा चढा, वकिलाचा त्याहून चढा. मग लिफ्ट ते घेऊन वर गेली.

ती व्हरांड्यात उभी राहिली. तिला राग आला नव्हता. शिक्षक आले की मुलं गप्प होतात, त्यात नवल ते काय? तीही होत असे. पण या गप्प होण्याची जात तिच्या ओळखीची होती. वात्रटपणा पकडला गेल्यावरची ही शांतता नव्हती. ताटातलं संपवा आणि उठा, अशी ही शांतता होती. लहानपणी तिने ती रोज जेवताना ऐकली होती. बाबा आणि काका एकाच घरात राहत, बाबा खाली, काका वर, आणि जेवण सगळ्यांचं एकत्र. एका निवडणुकीच्या दिवसांत दोघांची जुंपली. काय शब्द झाले ते तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो बाबांचा टेबलावर आपटलेला हात, पाण्याच्या भांड्यात उठलेली गोल गोल वलयं, आणि काका. काका भरल्या ताटावरून उठला. उठताना त्याने खुर्ची नीट आत सरकवली, आणि ते सगळ्यात वाईट होतं. त्यानंतर तो कधी खाली जेवायला आला नाही. वर त्याची पावलं वाजायची, बाबा मान वर न करता जेवायचे, आणि आईने एकदाच सांगून टाकलं की या टेबलावर आता राजकारण नको. पुढे कुणालाच ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिने मग दगडांचा अभ्यास निवडला. दगडांना मतं नसतात म्हणून निवडला असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा, आणि लोक हसायचे, आणि तीही हसायची.

त्या दिवशी वर्ग संपताना तिच्या तोंडून ते निघून गेलं. आधी ठरवलं असतं तर बहुधा निघालं नसतं. “बुधवारी प्रात्यक्षिक संपलं की ज्यांना राजकारणावर बोलायचं असेल त्यांनी नमुन्यांच्या खोलीत यावं. कुठल्याही बाजूचं असलात तरी चालेल. बाजू नसली तरी चालेल.” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅडम, परीक्षेला आहे का?” ती नाही म्हणाली. त्यावर ज्या तऱ्हेने निम्मा वर्ग निर्धास्त झाला आणि निम्म्याचा रस संपला, ते पाहून तिला बरं वाटलं. म्हणजे जे येतील ते बोलायलाच येतील.

खोलीसाठी विभागप्रमुखांना विचारणं भाग होतं. विभागप्रमुख भले गृहस्थ. त्यांची सगळी कारकीर्द काही होऊ नये म्हणून काळजी घेण्यात गेली होती, आणि खरोखरच काही झालं नव्हतं. ते म्हणाले, “चर्चा मंडळ उत्तम. पण राजकारण हा शब्द कशाला? समाजचिंतन म्हणा.”

“समाजचिंतन म्हटलं तर कुणी येणार नाही, सर. मीसुद्धा यायची नाही.”

“उद्या काही झालं म्हणजे?”

“काय होईल?”

“तेच तर आधी माहीत नसतं ना,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकी खरी काकुळती होती की तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. शेवटी त्यांनी खोली दिली. खिडक्या तेवढ्या लावून घ्या, म्हणाले. नमुन्यांच्या खोलीची एक खिडकी कित्येक पावसाळ्यांपासून फुगून अर्धी उघडी अडकली होती, हे तिला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. दोघांनीही तो विषय काढला नाही.

पहिल्या बुधवारी मोजकी माणसं आली आणि कुणीच बोललं नाही. भिंतीलगत लाकडी खणांत दगड मांडलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि क्रमांक. मधे ते अवजड टेबल, आणि त्याभोवती ही मुलं बसलेली, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. तिने विचारलं, सुरुवात कोण करतंय? कुणीतरी खोकलं. अखेर वकिलाने तर्जनी वर केली आणि लोकशाही या विषयावर एक भाषण केलं. त्यात चूक काही नव्हतं आणि लक्षात राहावं असंही काही नव्हतं. भाषण संपल्यावर पलीकडची म्हणाली, “हे तू लिफ्टमध्ये नव्हतास बोलत.” सगळे हसले. वकीलही हसला, आणि मग तो लिफ्टमध्ये जे बोलत होता ते बोलला, की ज्यांना काही कळत नाही त्यांनी मत देऊन तरी काय होतं; आणि पलीकडचीने विचारलं, कुणाला कळतं ते ठरवणार कोण, तू? आणि मग खोलीत असं काही सुरू झालं की खणातले दगड हादरतील असं तिला वाटलं. एक मुलगा तणतणत दप्तर उचलून निघाला. तेव्हा ती म्हणाली, “उठून जायचं नाही.” आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा लागला. “गप्प बसलास तरी चालेल. पाठ फिरवून बस. पण उठायचं नाही. हा एकच नियम.” मुलगा बसला. खरोखरच पाठ फिरवून बसला, आणि थोड्या वेळाने न राहवून वळला. घरी जाताना बसमध्ये, खिडकीच्या थंड काचेला कपाळ टेकवून, तिच्या लक्षात आलं की हा नियम तिने आत्ता केलेला नाही. तो कितीतरी वर्षं तिच्या घशाशी तयार होता, फक्त ज्याला सांगायचा त्याने तेव्हा खुर्ची आत सरकवली होती.

मग बुधवार जमत गेले. कधी खोली भरायची, कधी निम्मी रिकामी असायची. हॉस्टेलचे नियम कुणी करावेत, संप योग्य की अयोग्य, वर्तमानपत्रावर विश्वास किती ठेवावा. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि फक्त म्हणायची, तिचं पूर्ण होऊ दे. किंवा, तो काय म्हणाला ते आधी नीट ऐकलंस का? स्वतःचं मत ती देत नसे. मुलांनी विचारलं तर म्हणायची, मी इथे खोलीची किल्ली आहे. हे वाक्य तिला आवडायचं. घरी दंतवैद्य नवऱ्याला ती सगळं सांगायची आणि तो म्हणायचा, “माझ्याकडे बरं असतं. सगळे माझ्याशी सहमत. तोंड उघडं असतं ना.” आई तिच्याकडेच राहायची आता, काका आणि बाबा दोघेही मागेपुढे गेले होते, ते घर विकून झालं होतं. आई डोळ्यांनी अधू झाली होती पण कान शाबूत होते. बुधवारी तिला दारातच विचारायची, “झालं का आज भांडण?” आणि ती हो म्हणाली की आई मान हलवायची, ती नापसंतीने की कशाने ते काही कळायचं नाही. ते दिवस तिला पुढेही चांगले वाटत राहिले. दुपारचं ऊन त्या अडकलेल्या खिडकीतून तिरकं यायचं, अभ्रकाच्या तुकड्यांवर चमकायचं, मुलं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायची, आणि आपण या आवाजाच्या मधोमध बसूनही घाबरत नाही, याचं तिला एखाद्या नव्या चपलेसारखं सुख व्हायचं. चालताना मधूनच आठवणारं.

टेकडीचा विषय निघाला तो त्याच सुमारास. शहराच्या कडेची ती टेकडी फोडून मधून रस्ता काढायचा घाट नगरपालिकेने घातला होता. जिकडेतिकडे तेच बोलणं. वकील तयारीनिशी आला होता. झाडं, पाणी, पक्षी, सगळं त्याने मुद्देसूद मांडलं आणि शेवटी म्हणाला, “टेकडी एकदा फोडली की परत येत नाही.”

पलीकडची म्हणाली, “तुला टेकडी दिसते, कारण तू तिच्यावर फिरायला जातोस. आम्हाला ती आडवी येते. माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही गाडीने टेकडीला वळसा घालत होतो. अर्ध्या वाटेत झालं सगळं. बाळ वाचलं. सगळे म्हणतात नशीब. मला नशीब नको, रस्ता हवा.”

इथे थांबायला हवं होतं. पण वकिलाची तर्जनी सवयीने वर गेली, आणि तो म्हणाला, “पण एका बाळंतपणासाठी सगळ्या शहराने…” वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण ते त्याने पुरं केलं नाही. पलीकडची उठली. तिने दप्तर घेतलं, खुर्ची होती तशी तिरकी सोडली आणि निघून गेली. सगळ्यांनी स्टुलाकडे पाहिलं. नियम सांगायची हीच वेळ होती. तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. वकील पांढराफटक पडला होता, आणि त्याचं बोट अजूनही हवेत होतं, कुठे ठेवावं ते न कळल्यासारखं.

दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखांना कळलं होतं. ते रागावले नाहीत. मी म्हटलं होतं, एवढंच म्हणाले, आणि थोडे दिवस बंद ठेवू या का, असं विचारलं, आणि कुणाच्या घरी कुणी गेलं असावं अशा हळू आवाजात विचारलं. ती बघते म्हणाली. पलीकडची वर्गात येत होती, मागे बसत होती, प्रात्यक्षिकात दगड फोडताना हातोडी जरा जास्तच जोरात मारत होती. वकील तिच्या वाटेला जात नव्हता. सगळं पुन्हा शांत झालं होतं, आणि त्या शांततेत तिला वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू यायला लागली.

त्या रविवारी दुपारी जेवताना तिने ते सांगितलं. टेबलावर, सगळ्यांदेखत, जसं घडलं तसं. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं, आणि तिने आईकडे पाहिलं. आई ताटावरून हात फिरवून कोशिंबीर कुठे आहे ते शोधत होती.

“बरोबर कोणाचं होतं?” आईने विचारलं.

“प्रश्न तो नाहीये, आई.”

“प्रश्न तोच असतो. तुझे बाबाही असंच म्हणायचे. प्रश्न तो नाही, प्रश्न मानाचा आहे.” आईने घास घेतला, सावकाश चावला. “त्या वेळी भावोजी बरोबर होते.”

नवऱ्याचा चमचा थांबला. तिने विचारलं, “काका?”

“मी मत त्यांच्याच माणसाला दिलं होतं. त्या वेळी, आणि नंतरही दर वेळी.”

“बाबांना माहीत होतं?”

“त्यांनी कधी विचारलंच नाही,” आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. आमटीत मीठ आहे की नाही ते सांगावं तसं सांगितलं तिने. “बरोबर मतदानाला जायचो, बरोबर परत यायचो. ते वाटेत सांगायचे आपण कुणाला दिलं. आपण, म्हणायचे. मी म्हणायची, हो.”

“म्हणून तू टेबलावर राजकारण बंद केलंस? भांडण नको म्हणून?”

“छे गं. भांडणाला मी कधी भ्यायले? पुन्हा विषय निघाला असता तर मला विचारलं असतं कुणीतरी. मग खोटं तरी बोलावं लागलं असतं, नाहीतर वर जाऊन जेवावं लागलं असतं.” आणि आई हसली. दात नव्हते बरेचसे, जावयाने बसवून दिलेले तिने पुन्हा काढून ठेवले होते. पण हसली ती अशी की लेकीला त्यात एक अजिबात ओळखीची नसलेली बाई दिसली, नवऱ्याशेजारून ताठ चालत मतदानाला निघालेली, पदराखाली आपलं मत घेऊन. तीही हसायला लागली. नवरा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. मग हसता हसता तिला डोळे पुसावे लागले, आणि आई म्हणाली, “तू माझ्यावर गेलीस. सगळ्यांची मतं बाहेर काढतेस आणि आपलं फडताळात ठेवतेस. त्या पोरीला बोलाव. आणि आधी तुला काय वाटतं ते सांग तिला.”

पलीकडची तिला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सापडली, मांडीवर डबा उघडून बसलेली. ती शेजारी बसली. पायरी उन्हाने तापली होती. “तो मूर्ख आहे, मॅडम,” पलीकडचीने आपणहूनच सुरुवात केली, “ते मला आधीपासून माहीत आहे. त्याचं एवढं काही नाही. पण तुम्ही त्या टेकडीवर किती वर्षं मुलांना घेऊन जाता. तिचा दगड न् दगड तुम्हाला ठाऊक. आणि मी बोलले तेव्हा तुम्ही गप्प. मला वाटलं, यांना रस्ता नको असेल आणि सांगवत नसेल. किंवा हवा असेल आणि सांगवत नसेल. कळेचना.” मग पलीकडचीने डबा पुढे केला. तिने त्यातला एक घास घेतला. दोघी काही वेळ खात बसल्या. समोरून मुलं जात होती, एक जण पुस्तक डोक्यावर धरून चालला होता. “बुधवारी ये,” ती म्हणाली. “तुला आवडणार नाही मी जे सांगेन ते. तरी ये.” पलीकडचीने झाकण लावलं आणि म्हणाली, बघते. विभागप्रमुखांना तिने संध्याकाळी जाऊन सांगितलं की बुधवार चालूच राहील. ते नुसते हं म्हणाले, आणि मग, ती दाराशी पोचल्यावर, त्यांनी विचारलं की आपण सहज येऊन बसलो तर चालेल का, मागे, बोलणार काही नाही.

बुधवारी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. विभागप्रमुख खरोखरच मागे, स्फटिकांच्या कपाटाला टेकून, बाहेरगावच्या पाहुण्यासारखे बसले होते. पलीकडची आली, पण दाराजवळ बसली, आणि दप्तर मांडीवरच ठेवलं. वकील टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते. टेबलाच्या लाकडाकडे बघत, कुणालाच उद्देशून नसल्यासारखा तो म्हणाला, “ते बाळ… आता केवढं झालं?”

“चालतं,” पलीकडची म्हणाली.

“मुलगा की मुलगी?”

“मुलगी आहे. चावते सगळ्यांना.”

“बरोबर आहे,” वकील म्हणाला, आणि कुणीतरी फिसकन हसलं. त्याने माफी मागितली नाही, तिनेही मागून घेतली नाही, पण पलीकडचीने दप्तर मांडीवरून खाली ठेवलं.

मग ती स्टुलावरून उठली आणि टेबलाशी येऊन बसली. “आज मी आधी बोलते,” ती म्हणाली. “मला वाटतं, तिथून रस्ता काढू नये.” पलीकडचीचा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत दगड झाला. तिला तिथेच थांबून काहीतरी मऊ, दोन्हीकडून धरता येईल असं बोलावंसं वाटलं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. तिने ते गिळलं. दक्षिणेच्या अंगाला टेकडीच्या पोटात जो खडक आहे तो पाणी लागलं की पिठासारखा होतो, ती म्हणाली. दरवर्षी आपण जातो, हातात घेऊन चुरून बघतो. तिथे उभा काप घेतला तर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत वरचं सगळं रस्त्यावर येईल, गाड्यांवर येईल, आणि त्या गाड्या तुमच्या पलीकडच्याच असतील. झाडांचं याला माहीत, पक्ष्यांचं मला फारसं कळत नाही. पण त्या जागी रस्ता नको, असं माझं मत आहे. हे मी मागच्या वेळी बोलायला हवं होतं.

मागे विभागप्रमुखांनी श्वास धरून ठेवल्याचं तिला ऐकू आलं. पलीकडचीचा हात खाली दप्तराच्या पट्ट्यावर गेला, आणि ती त्या हाताकडे बघत राहिली, आणि तिला नवल वाटलं की आत कुठेच भीती नव्हती. ही मुलगी आता उठली तरी आपण हाक मारणार, व्हरांड्यात जाणार, जिन्यावरून खाली जाणार, आणि बोलत राहणार, हे तिला अगदी साधं, हातात घेऊन बघावं तसं कळलं होतं. पट्ट्यावरचा हात पट्टा मुठीत धरून तसाच राहिला.

“त्या जागी नको,” पलीकडची म्हणाली. “मग कुठल्या जागी?”

“उत्तरेकडून खडक पक्का आहे. पण ते लांब पडेल.”

“आत्ताच्या वळशापेक्षा लांब?”

“नाही, त्याच्या निम्म्याने असेल. पण खर्चिक, आणि वेळ—”

“थांबा, मॅडम. माझं संपलेलं नाही.” पलीकडचीने खुर्ची ओढली; खुर्चीचे पाय फरशीवर करकरले, आणि ती सरळ टेबलाशी, मॅडमच्या आणि वकिलाच्या मधे येऊन बसली. “निम्म्याने कमी असेल तर मला चालेल. पण तुम्हाला हे माहीत होतं, तर तुम्ही नगरपालिकेला सांगितलंत का? नाही ना? मग दगड माहीत असून आम्हाला काय उपयोग?” वकिलाने बोट वर केलं, आणि पलीकडचीने त्याच्याकडे न बघताच ते धरून खाली टेबलावर ठेवलं. “तुझं नंतर.” मग पलीकडची पुन्हा तिच्याकडे वळली, कान लाल, डोळे थेट डोळ्यांत, आणि बोलत राहिली. ती ऐकत होती. मुलीचं पूर्ण व्हायचं होतं अजून. दुपारही बरीच शिल्लक होती.